मुक्या इंजिनाची बाजू मी का सोडली

छोट्या रेल्वेगाड्यांच्या छंदात मी बरीच वर्षं एका मताला चिकटून होतो: मॉडेलच्या इंजिनात आवाज घालू नये. हे मत मी मनात ठेवलं नाही, भेटेल त्या छंदवाल्याला पटवून दिलं. काही तरुण मुलांनी माझ्या सांगण्यावरून साउंड डीकोडर, म्हणजे इंजिनातून आवाज काढणारं सर्किट, घ्यायचा बेत सोडला आणि ते पैसे रुळांवर नि डब्यांवर घातले. आज मी स्वतः इंजिनं उघडून त्यांत डीकोडर बसवतो, इतरांची अडलेली इंजिनंही दुरुस्त करून देतो. त्या मुलांना मी माझी जुनी बाजू ऐकवली होती, तेव्हा नवीही ऐकवायला हवी.

जुनी बाजू कच्ची नव्हती, हे आधी सांगतो. आम्ही बहुतेक जण एचओ प्रमाणात काम करतो, म्हणजे 1:87. खरं डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिन सतरा मीटरच्या आसपास लांब, ते आमच्या टेबलावर वीतभर होतं. पण रुळापाशीच पहिली तडजोड करावी लागते. भारतीय ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. त्याला 87 ने भागलं तर 19.3 मिलिमीटर येतात. बाजारात मिळणारा एचओ रूळ 16.5 मिलिमीटरचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या 1435 मिलिमीटर गेजवरून काढलेला आहे. म्हणजे आपली इंजिनं पहिल्या दिवसापासून अरुंद पायांवर उभी. माझं म्हणणं असं, की एक तडजोड नाइलाजाने केली, आता दुसरी हौसेने कशाला करायची? लांबीला 87 ने भागता येतं. आवाजाला कशाने भागणार? सूर खरोखर प्रमाणात आणला तर इंजिन नुसतं चिरकेल. मूळ सुरात ठेवला तर वीतभर वस्तूच्या पोटातून भलत्याच कुणाचा आवाज येतोय असं वाटेल.

शिवाय तेव्हा मी जी आवाजवाली इंजिनं ऐकली होती, ती सगळी एकाच चालीची होती. नियंत्रकाची चकती फिरवली की इंजिन जोरात ओरडायचं, कमी केली की आवाज उतरायचा. वेग दुप्पट तर आवाज दुप्पट. मधून मधून भोंगा. आणि स्पीकरला जागा करायची म्हणून आतलं शिशाचं वजन कापून काढलेलं, त्यामुळे इंजिनाची ओढ कमी झालेली. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून आहे. तिथे सिग्नल, सांधे आणि एकाच वेळी धावणाऱ्या कितीतरी गाड्या यांचा मेळ बघत उभं राहिलं की डोळ्यांनाच एवढं काम मिळतं, की कानांची वेगळी सोय करावी असं मला कधी वाटलं नाही. मॉडेल ही डोळ्यांची कला आहे, असं मी म्हणत असे आणि मनापासून म्हणत असे.

लोकांना वाटतं, माझं मत 2022 मध्ये बदललं. त्या वर्षी 20 जूनला कोकण रेल्वेच्या रोहा ते ठोकूर या सबंध मार्गाचं विद्युतीकरण देशाला अर्पण झालं आणि त्यानंतर आमच्या रत्नागिरीवरून जाणाऱ्या गाड्यांची डिझेल इंजिनं हळूहळू उतरली. मग गेलेल्या आवाजाची आठवण म्हणून मी डीकोडर बसवायला घेतले, असा सोपा हिशेब लोक मांडतात. तो खरा नाही. आठवणीसाठी मोबाइलमधलं रेकॉर्डिंग पुरतं. पानवलच्या पुलावरून जाणारी गाडी, 64 मीटर उंचीवरचा तो आवाज खाली दरीत कसा उतरतो, हे माझ्याकडे साठवलेलं आहे आणि ते ऐकायला मला मॉडेल लागत नाही.

मत फिरलं ते एका प्रश्नाने. आमच्या आळीत एक निवृत्त लोको पायलट राहतात, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. नोकरीचा मोठा भाग त्यांनी अल्कोच्या, म्हणजे डब्ल्यूडीएम-2 सारख्या डिझेल इंजिनांच्या, कॅबमध्ये काढला. मुंबईहून आलेल्या मित्राचं आवाजवालं इंजिन माझ्या टेबलावर फिरत होतं आणि काका खुर्चीत बसून ऐकत होते. ते म्हणतील छान आहे, किंवा म्हणतील खोटं आहे, एवढीच माझी अपेक्षा.

त्यांनी विचारलं, “लोड किती आहे रे मागे?”

“सहा डबे, काका.”

“मग हा आता कशाला बोंबलतोय? गाडी पळायला लागली की मी नॉच काढून घेतो. बोंबलायचं ते सुटताना. तेव्हा तर हा गप्प होता.”

डिझेल इंजिनाचा आवाज वेगाचा नसतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण आवाज घातलेल्या मॉडेलचा मी जो दोष मानत होतो, तो आवाजाचा नसून चुकीच्या जागी आलेल्या आवाजाचा होता, हे त्या वाक्यापर्यंत लक्षात आलं नव्हतं. डब्ल्यूडीएम-2 मधलं इंजिन चाकांना जोडलेलं नसतं. ते जनरेटर फिरवतं, जनरेटरची वीज चाकांवरच्या मोटरांना जाते. पायलटच्या हातात आठ नॉच, म्हणजे ताकदीचे आठ टप्पे. पहिल्या नॉचपासून आठव्यापर्यंत इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे 400 वरून 1000 पर्यंत चढतात, गाडीचा वेग काहीही असो. भरलेली रेक घेऊन चढाला लागलेलं इंजिन आठव्या नॉचवर पूर्ण ताकदीने गर्जत असतं आणि त्याच वेळी गाडी माणसाच्या चालीने सरकत असते. कोकण रेल्वेवर चढ 1:150 पेक्षा कडक ठेवलेला नाही, तरी कोलाड-वेर्णा मार्गावर सपाट वाघिणींवर भरलेले ट्रक चढवून नेणारी रो-रो गाडी स्थानकातून सुटताना ज्याने ऐकली असेल त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. तीच गाडी पुढे उताराला वेगात धावत असते तेव्हा इंजिन जवळजवळ आयडलवर असतं. म्हणजे डोळ्यांना वेग दिसतो आणि श्रम फक्त कानाला कळतात.

मग मी कागदावर एक साधा हिशेब केला. डब्ल्यूडीएम-2 चं वजन 112.8 टन. लांबी 87 पटीने कमी केली की वजन 87 च्या घनाने कमी होतं, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त पटीने. 112.8 टनांचे होतात सुमारे 171 ग्रॅम. रंग, खिडक्या, जाळ्या, रेलिंग, सगळं मी प्रमाणात आणत होतो आणि ज्या गोष्टीसाठी इंजिन बनतं ती गोष्ट, म्हणजे भार ओढणं, माझ्या टेबलावर उरतच नव्हती. चकती फिरवली की इंजिन टुणकन उडी मारून निघायचं. बघणाऱ्याला ते देखणं वाटायचं, जड कधीच वाटायचं नाही. वजन आणण्याचे दोनच मार्ग मला दिसले: निघायला आणि थांबायला भरपूर वेळ घेणं, आणि त्या वेळात इंजिन काम करतंय हे ऐकू येणं. पहिला मार्ग एकटा अपुरा पडतो. मुकं इंजिन हळू निघालं तर ते जड वाटत नाही, बिघडलेलं वाटतं.

डीकोडर यासाठी हवा. डीसीसी या डिजिटल पद्धतीत रुळांत सतत चौदा-पंधरा व्होल्टची वीज खेळत असते आणि तिच्यातूनच आकड्यांचे हुकूम जातात. प्रत्येक इंजिनातला डीकोडर आपल्या पत्त्याचा हुकूम तेवढा उचलतो. जर्मनीतल्या लेंझ कंपनीने घातलेल्या पायावर अमेरिकेच्या एनएमआरए या संघटनेने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात या पद्धतीची मानकं ठरवली, म्हणून आज एका कंपनीचा नियंत्रक दुसऱ्या कंपनीचा डीकोडर चालवू शकतो. डीकोडरमधल्या मांडणीच्या घरांना सीव्ही म्हणतात. सीव्ही 3 मध्ये वेग चढायला लागणारा वेळ, सीव्ही 4 मध्ये उतरायला लागणारा. हे दोन आकडे वाढवले की इंजिनाला जडपणा येतो. आणि नव्या डीकोडरांत इंजिनाचा आवाज नि गाडीचा वेग वेगळे करता येतात. ईएसयू कंपनीच्या लोकसाउंड डीकोडरमध्ये ड्राइव्ह होल्ड नावाची सोय आहे: वेग आहे तिथे रोखून धरायचा आणि चकतीने फक्त नॉच वरखाली करायचे. काकांनी नियंत्रक हातात घेतला. गाडी सुटायच्या आधी तीन नॉच चढवले, आवाज भरू दिला, मग सोडली. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत ते एकेक नॉच काढत गेले. तेच सहा डबे, पण मागे अठरा असावेत असं वाटलं.

छोट्या स्पीकरमधून एवढा खालचा सूर निघणार कसा, हा माझा आणखी एक आक्षेप मात्र शास्त्राचा होता आणि त्याचं उत्तरही शास्त्रातच मिळालं. रेडिओ दुरुस्तीत माझी हयात गेली आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. अल्कोचं 251 जातीचं इंजिन सोळा सिलिंडरांचं, चार स्ट्रोकचं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे 400 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 53 ठोके, 1000 फेऱ्यांना 133. आमच्या इंजिनात मावणारा स्पीकर 11 बाय 15 मिलिमीटरचा. त्यातून 53 हर्ट्झ निघणं अशक्य. त्याची खरी ताकद कित्येक पट वरच्या सुरांपासून सुरू होते. पण कानाला मूळ स्वर मिळाला नाही आणि त्याच्या पटीतले वरचे स्वर ठीक मिळाले, तर मेंदू खालचा स्वर स्वतः भरून काढतो. लहान ट्रान्झिस्टरवर तबल्याचा बायाँ आपण आयुष्यभर ऐकला तो याच जोरावर. अट एकच, की ते वरचे स्वर स्वच्छ हवेत. त्यासाठी स्पीकरला मागून बंद डबी हवी. नाहीतर पडद्याच्या पुढची लाट नि मागची लाट एकमेकींना मारतात आणि उरतो तो पत्र्याचा आवाज. मी पूर्वी नाकारलेल्या कित्येक इंजिनांत डबीच नव्हती, किंवा तिला फट होती.

आवाज किती मोठा ठेवायचा यात मी अजून जुन्याच मताचा आहे. कारखान्यातून येतो तेवढा आवाज खोलीत असह्य होतो. सीव्ही 63 मध्ये तो मी निम्म्याच्याही खाली आणतो. तीन फुटांवरून बघताना आपण प्रत्यक्षात अडीचशे फुटांवर उभे असतो. तिथे जेवढं ऐकू येईल तेवढंच टेबलावर यावं. भोंगा तर गरजेपुरताच. या बाबतीत मी कुणालाच सूट देत नाही.

आता बसवण्याबद्दल, कारण मत बदलल्याचं सांगून हात बांधून बसण्यात अर्थ नाही. जुनं इंजिन घेतलं तर पहिलं काम मल्टिमीटरचं. मोटरचे दोन्ही ब्रश चौकटीपासून आणि चाकांपासून पूर्ण वेगळे आहेत याची खात्री करायची. एका जागी जरी बीप वाजला तर थांबायचं. रुळाची वीज थेट मोटरच्या बाजूने डीकोडरमध्ये शिरली की शंभर डॉलरच्या आसपासची वस्तू क्षणात जाते, आणि वर आयात शुल्क भरलेलं असतं. तारांचे रंग मानकाने ठरलेले आहेत: लाल नि काळी रुळाची, नारिंगी नि करडी मोटरची, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, निळी सगळ्या दिव्यांची सामाईक. दिवा एलईडी असेल तर हजार ओहमचा रेझिस्टर घालायचाच. स्पीकरच्या तारा कुठेही चौकटीला टेकता कामा नयेत, त्या टेकल्या की ॲम्प्लिफायर गेला. बॉडी बसवताना तार चिमटली जाणं हे मी बघितलेल्या बिघाडांतलं सगळ्यात नेहमीचं कारण, म्हणून प्रत्येक जोड हीट श्रिंकखाली असू द्यावा आणि डीकोडर कॅप्टन टेपने जागच्या जागी धरावा.

मग इंजिन थेट मुख्य रुळावर न ठेवता प्रोग्रॅमिंगच्या रुळावर ठेवायचं. तिथे वीज जेमतेम असते, काही चुकलं असलं तरी धूर निघत नाही. सीव्ही 8 वाचायचा. लोकसाउंड असेल तर 151 हा ईएसयूचा क्रमांक यायला हवा. आकडा आला नाही की मुलं घाबरतात आणि डीकोडर मेला असं धरून चालतात. बहुतेक वेळा तसं नसतं. डीकोडर उत्तर देतो ते मोटरमधून क्षणभर वीज ओढून. मोटरची तार सुटली असेल, ब्रश घासले असतील किंवा चाकं मळली असतील, तर डीकोडर ठणठणीत असूनही मुका राहतो. आधी मोटर तपासा.

आणि इथे माझ्या मताला दुसरा धक्का बसला, पहिल्यापेक्षा मोठा. रत्नागिरीच्या हवेत मीठ आहे, पावसाळ्यात चार महिने ओल आहे. निकेल-सिल्व्हरचे रूळ काळवंडतात, चाकांवर काळी पुटं चढतात, बोगीतल्या विजेच्या पट्ट्या सैल होतात. मुक्या इंजिनात हे सगळं झाकलं जातं, कारण वीज निमिषभर तुटली तरी मोटरवरचं जड चाक फिरत राहतं आणि इंजिन पुढे सरकतं. डोळ्याला काहीच दिसत नाही. आवाजवालं इंजिन मात्र तत्काळ सांगतं. वीज तुटली की आवाज तुटतो, आणि परत आली की पुन्हा पहिल्यापासून इंजिन सुरू होण्याची घरघर ऐकू येते. माझ्या जुन्या मांडणीवर पहिलं आवाजवालं इंजिन फिरवलं तेव्हा एका वळणावर ते दर फेरीला नव्याने सुरू व्हायला लागलं. मी जे रूळ उत्तम समजत होतो त्यांतला एक सांधा आतून गंजून अर्धा सुटला होता. वर्षानुवर्षं माझी मुकी इंजिनं त्यावरून झोकात गेली होती. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला याहून किमती गोष्ट कोणती? बिघाड लपवणारं यंत्र आणि बिघाड बोलून दाखवणारं यंत्र यांत मी आयुष्यभर दुसऱ्याची बाजू घेत आलो आहे, फक्त छंदात घेतली नव्हती.

म्हणूनच कपॅसिटर लावून आवाज तुटणं थांबवण्याची घाई मी करू देत नाही. विजेचा छोटा साठा डीकोडरला जोडला की तो लहानसहान खंड भरून काढतो, चांगली सोय आहे, मीही वापरतो. पण आधी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, मग चाकं, मग बोगीच्या पट्ट्या, मग प्रत्येक सांध्याला स्वतंत्र तार. हे सगळं झाल्यावर उरलेल्या खंडासाठी कपॅसिटर, पंचवीस व्होल्टचा, सोबत शंभर ओहमचा रेझिस्टर नि डायोड, म्हणजे तो भरताना एकदम वीज ओढत नाही. आधीच लावला तर गंजलेला सांधा पुन्हा झाकला जातो.

परदेशी आवाजाबद्दलही माझा हट्ट होता. वाराणसीत बनलेल्या इंजिनात अमेरिकेतली फाइल कशाला, असं मी म्हणत असे. पण इतिहास बघितला तर तो हट्ट टिकत नाही. 251 जातीचं इंजिन न्यूयॉर्क राज्यातल्या शेनेक्टेडीच्या अल्को कारखान्याचं. त्या कारखान्याने 1969 मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं. वाराणसीच्या कारखान्याने 1964 पासून तेच इंजिन बांधायला घेतलं आणि पुढे अडीच हजारांहून जास्त डब्ल्यूडीएम-2 बाहेर काढली. म्हणजे सोळा सिलिंडरांच्या अल्कोची अमेरिकन फाइल आपल्या इंजिनाच्या सख्ख्या भावंडाची आहे. ठोका तोच, आयडलवरचं ते लंगडणं तेच, नॉच चढवल्यावर टर्बोला उशिरा जाग येणं तेच. वेगळा असतो तो भोंगा, आणि तो बदलता येतो. लोकप्रोग्रॅमर नावाचं यंत्र संगणकाला जोडून मी रत्नागिरीत रेकॉर्ड केलेला दोन सुरांचा भोंगा त्यात घातला. इंजिनाचा आवाज मात्र फलाटावरच्या रेकॉर्डिंगमधून उभा राहत नाही. प्रत्येक नॉचचा अखंड तुकडा आणि एका नॉचवरून दुसऱ्यावर जाण्याचा वेगळा तुकडा लागतो, आणि आपल्या रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी घोषणा, पाऊस किंवा चहावाला असतो. अल्को धडधडत होती त्या काळात कुणी शेडमध्ये बसून पहिला ते आठवा नॉच शांतपणे टिपून ठेवले असते तर फार मोठं काम झालं असतं. मीही तेव्हा आवाजाच्या विरुद्ध होतो, त्यामुळे टिपायचं मनातही आलं नाही.

सध्या टेबलावर वॅप-7 आहे, 6,350 अश्वशक्तीचं, आज मांडवी नि कोकणकन्या या गाड्यांना लागतं ते विजेवरचं इंजिन. इथे डिझेलचा नियम चालत नाही. ब्लोअरचा घोंगाट उभ्या इंजिनातही असतो आणि भार वाढला म्हणून तो फारसा चढत नाही. श्रम ऐकू येतात ते सुटतानाच्या पहिल्या काही सेकंदांत, मोटरांना वीज देणाऱ्या कन्व्हर्टरच्या सुरात. तो सूर मला स्वच्छ हवा आहे, गाडी थांबलेल्या अवस्थेपासून पुढे अर्धा मिनिट, भोंग्याशिवाय. इंजिनाच्या बाजूच्या टोकाला, फलाट संपतो तिथून तो चांगला मिळेल असं काका म्हणतात. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुठलंही स्थानक चालेल. कुणाकडे असं रेकॉर्डिंग असेल तर ते मला द्या, त्यातून तयार होणारी फाइल मी मागेल त्याला देईन.